न्यायला कधी येणार?

श्रोतेहो, नमस्कार.

घरात पाळणाघर चालवणाऱ्या दोन बायका कुठे भेटल्या, बाजारात म्हणा नाहीतर हळदीकुंकवाला, की बोलणं मुलांवर फार वेळ राहत नाही. ते संध्याकाळवर येतं. ‘सहाला नेते म्हणाली होती, सात वाजले तरी पत्ता नाही.’ मुलांना कंटाळलेली बाई मला क्वचितच भेटते. बेड्याकडे, म्हणजे अंगणाच्या फाटकाकडे, बघून बघून वैतागलेल्या मात्र पुष्कळ भेटतात. मी रत्नागिरीत घरीच पाळणाघर चालवते, तेव्हा आज बोलायचं आहे ते एवढ्यापुरतंच. मूल सोडायची आणि न्यायची वेळ कशी ठरवावी, आणि ठरवलेली पाळली जावी म्हणून काय करावं.

बहुतेक जणी दारावर पाटी लावतात. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. झालं. आता समोरच्या आईचं घड्याळ बघा. राज्य सरकारच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. सगळे शनिवार सुटीचे झाले, पण त्याच्या बदल्यात रोजचं काम 45 मिनिटांनी वाढलं. सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयातली बाई सव्वासहाला खुर्चीवरून उठणार. ती सहाला तुमच्या दारात यायची कशी? तिचं घर आणि मुलाचं पाळणाघर पालीला असेल, तर स्टँडवर यायचं, एसटी लागायची वाट बघायची, हातखंब्याला गाड्यांच्या रांगेत थांबायचं. सव्वासातच्या आत ती पोचली तर नशीब.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत पाळणाघर महिन्याला 26 दिवस आणि दिवसाला साडेसात तास उघडं ठेवायचं, असं धरलेलं होतं. इकडे सरकारी नोकरीतली बाई साडेआठ तास ऑफिसात. मधला तास आणि येण्याजाण्याचा वेळ कुणाच्या अंगावर पडतो हे तुम्हाला ठाऊक आहे. आजीच्या, नाहीतर आपल्या.

आणि सगळ्याच आया सरकारी नोकरीत नसतात. मिरकरवाड्याच्या बंदरावरून म्हावरं, म्हणजे मासळी, घेऊन विकायला जाणारी बाई पहाटे घर सोडते आणि दुपारी मोकळी होते. बँकेतलीला दुसरा आणि चौथा शनिवार सुटी, बाकीचे शनिवार कामाचे. खाजगी दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीची संध्याकाळची ओपीडी आठाच्या पुढे सरकते. अशा चार आयांना एकच पाटी दाखवली, तर त्यातल्या तिघी पहिल्या दिवसापासूनच उशिरा येणाऱ्या ठरतात.

म्हणून माझं सांगणं असं. पाळणाघराची वेळ ठरवण्याऐवजी मुलाची वेळ ठरवा. प्रत्येक मुलाच्या नावापुढे वहीत दोन आकडे लिहा, यायचा आणि जायचा, आणि पैसे तेवढ्या तासांचे घ्या. आपल्या बाजूने ठरवायचं ते एकच, आपलं दार बंद कधी होणार. ते मात्र आधी ठरवा आणि घरातल्यांना विचारून ठरवा. आपली ओटी आपल्या एकटीची नसते. सासूबाईंना दिवेलागणीला शुभंकरोति म्हणायचं असतं, आपला मुलगा दहावीला असतो, नवरा कामावरून येऊन लुंगी लावून झोपाळ्यावर बसायची वाट बघत असतो. या सगळ्यांनी मिळून ‘सातपर्यंत चालेल’ म्हटलं, तर सात ही खरी वेळ. एकट्याच्या हिमतीवर साडेसात लिहिलीत, तर महिन्याभरात भांडण होईल, आणि ते आयांशी नाही, घरात होईल.

पैशांचा हिशेबही एकदा कागदावर मांडून बघा. समजा, महिन्याला 3000 रुपये घेता. मूल सकाळी नऊला येतं आणि संध्याकाळी सातला जातं. दिवसाचे दहा तास, महिन्याचे 26 दिवस, म्हणजे 260 तास. तासाला साडेअकरा रुपये पडले. त्यातच दूध, मऊभात, लादी पुसायचं फिनेल आणि विजेचं बिल. हा आकडा मी सांगितला की बायका आधी हसतात आणि मग गप्प होतात. साडेपाचला जाणारं आणि सातला जाणारं मूल एकाच पैशात ठेवलं, तर साडेपाचची आई सातच्या आईचे पैसे भरते असाच त्याचा अर्थ होतो. कुठल्यातरी दिवशी तिच्या हे लक्षात येतं.

आता उशिराच्या दंडाकडे येऊ. ‘पंधरा मिनिटांना पन्नास रुपये लावा, बघा कशा वेळेवर येतात,’ असं सुचवणारं कुणीतरी घरात असतंच. इस्रायलमध्ये हैफा नावाचं बंदर आहे. तिथल्या दहा पाळणाघरांत उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 20 आठवडे उशिरा येणाऱ्या पालकांची नोंद ठेवली. पाळणाघरं चारला बंद व्हायची. पाचव्या आठवड्यापासून त्यांतल्या सहा ठिकाणी दंड सुरू केला, दहा मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला तर मुलामागे दहा शेकेल. उशीर कमी व्हायला हवा होता ना? तो वाढत गेला आणि जवळजवळ दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड काढून टाकला, तरीही उशीर खाली आला नाही. 2000 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचं म्हणणं असं की पूर्वी पालकांना उशिराची लाज वाटायची, शिक्षिका आपल्यासाठी खोळंबली आहे हे टोचायचं. दंड आला आणि ते टोचणं संपलं, कारण आता त्या वेळेचे पैसे दिलेले असतात. आणि एकदा विकत मिळालेली गोष्ट दंड काढला म्हणून पुन्हा उपकाराची होत नाही.

मला हे हैफापेक्षा आपल्याकडे जास्त पटतं. आपल्याकडे सगळं भिडेवर चालतं. जिचं मूल सांभाळतो ती नणंदेची मैत्रीण असते, नाहीतर आपल्याच वाडीतली. तिच्यासमोर पन्नास रुपयांची पावती धरली की भीडही जाते आणि पन्नास रुपयांत फारसं काही हाती लागत नाही.

तर उशीर तीन जातींचा असतो, आणि त्या वेगळ्या ओळखल्या तर डोकं शांत राहतं. मार्चअखेर आहे, पंधरा दिवस उशीर होणार, हे आधी माहीत असतं. त्या वेळेचे पैसे आधी ठरवून, चांगले ठरवून घ्या. तो दंड नव्हे, ते वाढीव काम. दुसरा उशीर अचानकचा. एसटी बंद पडली, साहेबांनी थांबवून घेतलं. याचे पैसे घेऊ नयेत, पण फोन हवा, आणि तो वेळ उलटायच्या आधी. पावणेसातची वेळ असेल आणि सात वाजता फोन आला, तर त्या फोनने काही साधत नाही. मूल तोपर्यंत रडून झालेलं असतं. तिसरा उशीर सवयीचा. महिन्यातून चार-पाच वेळा कुणी पावणेसातला येत असेल, तर सहा ही तिची वेळ नव्हेच. मग चिडायचं कशाला? तिला ओटीवर बसवायचं, पाणी द्यायचं आणि सरळ सांगायचं, ‘वहिनी, सहा तुम्हाला जमत नाही ना? मग वहीत पावणेसात लिहू या. महिन्याला चारशे जास्त पडतील.’ यावर बहुतेक जणी सुटल्यासारख्या ‘हो’ म्हणतात. काही जणी दुसऱ्या दिवसापासून सहाला यायला लागतात, तेही चांगलंच.

हे बोलणं पहिल्याच दिवशी झालं तर उत्तम, आणि मुलाचा बाप समोर बसलेला असताना. बापाला मुद्दाम बोलवावं. आईला सव्वासहा वाजतात, पण याचं दुकान साळवी स्टॉपला असतं आणि बाइक दारात उभी असते, हे त्या बैठकीत बाहेर येतं. एरवी ‘आम्हाला जमत नाही’ यातले ‘आम्ही’ म्हणजे ती एकटीच असते.

मुलाचंही बघायला हवं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, पण क्रम पक्का कळतो. आर्याचे बाबा आले, मग ओमची आजी, मग माझी आई. क्रम मोडला की ते कावरंबावरं होतं. म्हणून ‘आई आत्ता येईल हं’ असं दर पाच मिनिटांनी सांगू नये. खाऊ झाला, अंगणात खेळलो, हातपाय धुतले, दिवा लागला, की आई, अशी साखळी त्याला सांगावी आणि रोज तीच ठेवावी. शिवाय आपल्याकडे जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो आणि नोव्हेंबर अखेरीला सहाच्या सुमारास. साडेसहा म्हणजे जूनमध्ये अंगणात खेळायची वेळ, डिसेंबरात तीच मिट्ट काळोखाची. हिवाळ्यात शेवटी राहणाऱ्या मुलाला त्या वेळी मांडीवर घेऊन बसायला एक माणूस मोकळं लागतं, हे वेळ ठरवताना धरावं.

सकाळचं त्या मानाने सोपं. सोडायची वेळ अर्ध्या-पाऊण तासाची ठेवावी आणि साडेदहानंतर मूल घेऊ नये. घरी दहापर्यंत झोपलेलं मूल दुपारी झोपत नाही आणि बाकीच्यांनाही झोपू देत नाही. एक ते तीन दार बंद. त्या वेळात सोडणं नाही, नेणं नाही, अगदी डॉक्टरकडे जायचं असेल तर आधी सांगून. आईने निरोप छोटा घ्यावा, पण घ्यावा. मूल खेळात रमलंय बघून मागच्या दाराने सटकणाऱ्या आया दुसऱ्या दिवशी जास्त रडं घेऊन येतात. आणि दारातच मुलाच्या कपाळाला हात लावायची सवय ठेवा. सकाळी तापाचं औषध पाजून आणलेलं मूल नऊला थंड असतं आणि एकाच्या सुमारास फणफणतं. आई तेव्हा मीटिंगमध्ये असते.

मूल कुणाच्या हाती द्यायचं, हे वेळेइतकंच महत्त्वाचं. वहीत आईबापांखेरीज दोन नावं फोन नंबरांसह लिहून घ्या. आपल्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात, त्यामुळे ‘मी त्यांचाच शेजारी, चाललोच होतो या बाजूला, म्हटलं नेतो बाळाला’ असं म्हणत कुणीतरी स्कूटर घेऊन येतं. माणूस चांगला असेलही. तरी आईचा फोन आल्याशिवाय मूल द्यायचं नाही, आणि तो वाईट वाटून घेईल याची फिकीर करायची नाही. माणूस प्यालेला दिसला, मग तो बाप का असेना, मूल त्याच्या गाडीवर बसवायचं नाही. चहा द्या, ओटीवर बसवा, आईला फोन लावा.

आता पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. कोकण रेल्वे दर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करते आणि वेगळं वेळापत्रक लावते. मग आपल्या वहीत पावसाळ्याचं वेगळं पान का नसावं? जून ते सप्टेंबर प्रत्येकीला अर्धा तास जास्त धरा आणि त्याचे पैसे मागू नका. तेवढं गावात राहणाऱ्या माणसाने करावं. मात्र रेड अलर्टचा नियम कडक ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांनी शाळांना सुटी दिली की पाळणाघर बंद. पोलीस, नर्स, महावितरणचे लोक यांना त्या दिवशी सुटी नसतेच, त्यांच्या मुलांचं आधी बोलून ठरवा. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा घरातून निघालेली माणसं त्या दिवशी परत पोचू शकली नाहीत. तसा दिवस आला तर मूल रात्री कुठे झोपणार, त्याचं औषध कुठलं, दूध कुठलं, जवळ राहणारा नातेवाईक कोण, हे मे महिन्यातच विचारून ठेवायचं. एक जादा कपड्यांची पिशवी आपल्याकडे कायम असावी.

राहता राहिला हंगाम. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावर जाणाऱ्या बायकांची मुलं तेव्हा बहुधा घरीच राहतात. एप्रिल-मेमध्ये उलट, आंब्याच्या पॅकिंगला जाणाऱ्या बायका दीड-दोन महिन्यांपुरतं मूल ठेवायला मागतात आणि त्यांची संध्याकाळ ट्रक भरून निघेपर्यंत संपत नाही. जागा अडवून ठेवायची तर बंदीच्या दोन महिन्यांत निम्मे पैसे घ्यावेत असं माझं मत. काही जणी काहीच घेत नाहीत, आणि ऑगस्टमध्ये त्या मुलाच्या जागी दुसरं आलेलं असतं, मग वाईटपणा येतो. हंगामी मुलं किती घ्यायची तेही आपल्या जागेवर ठरवा, मागणीवर नको. आणि वेळ किंवा पैसे बदलायचे असतील तर एक महिना आधी, लिहून सांगा. हे सगळं मेअखेरीपर्यंत उरकावं, कारण जूनमध्ये शाळा, पाऊस आणि नवीन मुलं एकदमच दारात येतात. नमस्कार.