स्वयंपाकघरात ठरलेले नियम

अमेरिकेतलं सेंट लुइस शहर, साल १९५७. 'क्रिस्टल पॅलेस' नावाच्या बारमध्ये प्रेक्षक जमलेत. समोरच्या नटांकडे संहिता नाही. प्रेक्षकांनी विषय सुचवायचा, नटांनी नाटक तिथल्या तिथे उभं करायचं. हेच उत्स्फूर्त नाट्य, म्हणजे 'इम्प्रोव्ह'.

ही मंडळी 'कंपास प्लेयर्स' या नाट्यगटाची. डेव्हिड शेफर्ड आणि पॉल सिल्स यांनी कंपास शिकागोत सुरू केलं, ५ जुलै १९५५ रोजी. तिथल्या नटांना सिल्सच्या आईचा, व्हायोला स्पोलिनचा आधार होता. तिचे नाट्यखेळ मुळात स्थलांतरितांच्या मुलांसाठी होते. घरोघरची भाषा वेगळी, पण खेळात रमलेल्या मुलांचं भाषेवाचून अडायचं नाही.

सेंट लुइसला सगळी नवी जुळवाजुळव. दिग्दर्शक टेड फ्लिकर लंडनच्या 'रॉयल अकादमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट' या नाट्यशाळेत शिकलेला. एलेन मे लहानपणी वडिलांबरोबर यिडिश (ज्यूंची एक भाषा) रंगभूमीवर वावरलेली. डेल क्लोज जेमतेम तेविशीचा, आग गिळण्याचे खेळ करून आलेला. पुढे माइक निकोल्स आला, तो आतल्या अनुभवातून अभिनय शिकवणाऱ्या ली स्ट्रासबर्गकडे तयार झालेला. लिहिलेल्या नाटकात असा फरक खपून जातो. शब्द लेखकाचे असतात, तालमी भरपूर होतात. इथे मात्र तुम्ही कोण, कुठे उभे आहात, हेसुद्धा समोरच्याच्या पुढच्या वाक्यावर ठरतं. त्याच्यावर भरवसा नसेल तर तोंडातून शब्द फुटत नाही.

फ्लिकर आणि मे यांनी जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. कुणाची शिकवण खरी, या वादात ते अडकले नाहीत. वेस्टमिन्स्टर प्लेसवरच्या घरात, सकाळी स्वयंपाकघरात बसून ते आदल्या रात्रीचे प्रवेश उसवून पाहायचे. कुठला रंगला? कुठला पडला, आणि नेमका कुठल्या वाक्याला पडला?

त्यातून नियम निघाले. समोरच्यानं सांगितलेलं खोडायचं नाही. एकीनं विचारलं, "डॉक्टर, बाबा कसे आहेत?" आणि दुसरा म्हणाला, "मी कुठे डॉक्टर?", तर हशा मिळतो, पण प्रवेश तिथेच संपतो. दोन वाटा दिसल्या तर जिच्यात काही घडेल ती धरायची. आणि रंगमंचावर काहीही झालं तरी त्याला कारण देणं हे नटाचंच काम.

यातला एकही नियम अभिनय कसा करायचा ते सांगत नाही. कुणी आतून अनुभव शोधत सावकाश डॉक्टर होईल, कुणी पहिल्याच वाक्याला दणक्यात होईल. बाबांची तब्येत मात्र दोघांनाही सांगावी लागेल. आपल्याकडे कुणी एकांकिका स्पर्धांमधून, कुणी कार्यशाळांमधून येऊन उत्स्फूर्त नाट्याचा नवा गट बांधतात. त्यांना कळकळीनं सांगावंसं वाटतं, सगळ्यांना एका साच्यात घालण्याआधी प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी एकत्र बसा.

सेंट लुइसची मंडळी फार काळ एकत्र राहिली नाही. त्याच वर्षी निकोल्स आणि मे न्यूयॉर्कला गेले, आणि १९६० मध्ये त्यांचा दोघांचा कार्यक्रम ब्रॉडवेवर लागला. फ्लिकरनं त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये 'द प्रेमिस' हे उत्स्फूर्त नाट्याचं थिएटर काढलं. क्लोज सॅन फ्रान्सिस्कोच्या 'द कमिटी' या गटात गेला, तिथे १९६७ मध्ये 'हॅरल्ड' हा दीर्घ उत्स्फूर्त प्रकार आकाराला आला, आणि नंतर शिकागोत त्यानं नटांच्या कित्येक तुकड्या घडवल्या. समोरच्याचं खोडू नका, हे आज जगभरच्या इम्प्रोव्ह वर्गांत अगदी सुरुवातीलाच शिकवलं जातं.