अणुकचऱ्याची काच पाण्यात पडली तर?

नमस्कार मंडळी! नागपूरच्या आपल्या चॅनलवर आज विषय अणुकचरा ज्यात कोंडतात त्या काचेचा.

(खल कॅमेऱ्यासमोर)

चिनी मातीच्या या खलात साध्या बाटलीची काच आणि थोडं डिस्टिल्ड पाणी आहे. पाणी बॅटरीवाल्याकडचं चालतं, पण आधी उकळून, झाकून थंड करा. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरला की ते किंचित आम्ल होतं. बोअरचं पाणी नकोच, त्यात आधीच क्षार असतात. चष्मा आणि मास्क लावून काच ओलीच घोटायची. आता फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, अल्कली भेटली की हे गुलाबी होतं.

गुलाबी! काचेतला सोडियम बाहेर पडला, त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत गेला आणि पाणी अल्कलीयुक्त झालं.

तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला वापरलेल्या अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेनंतर उरलेला अतिकिरणोत्सारी कचरा बोरॉन असलेल्या बोरोसिलिकेट काचेत वितळवून स्टीलच्या डब्यांत ओततात. हे डबे पुढे खोल जमिनीत गेले आणि तिथे काचेची पाण्याशी गाठ पडली, की सुरुवात अशीच होते. फक्त ही काच खूप चिवट असते. ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट जास्त, आणि ते साध्या बोरोसिलिकेटमध्ये नीट मुरत नाही. वर पिवळसर, पाण्यात सहज विरघळणारा थर सुटू शकतो, आणि कचऱ्यातलं किरणोत्सारी सीझियम नेमकं त्यातच जाऊन बसतं. म्हणून तिथे बेरियम घातलेली काच काढली.

सोडियमनंतर पाणी सिलिकॉन-ऑक्सिजनचे बंध तोडायला लागतं. पण काच साखरेसारखी सरळ विरघळून जात नाही. बोरॉन निघून जातो, सिलिका मात्र बरीचशी मागे राहून सच्छिद्र जेलचा थर बनवते. भोवतालच्या पाण्यातही सिलिका साठत जाते. या दोन्हींमुळे काच झिजण्याचा वेग पडतो, आणि थोडाथोडका नाही. फ्रान्सच्या अणुकचऱ्याच्या काचेची बिनकिरणोत्सारी नक्कल, एसओएन६८, हिच्या चाचण्यांत तो हजारो पटींनी घसरलेला दिसतो. हा थर जागेवरच घडतो, की काच आधी पूर्ण विरघळून मग साका बसतो, यावर अभ्यासकांचं अजून जुंपलेलं आहे.

हा वेग मोजायचा कसा? काच ७५ ते १५० मायक्रॉनची दळायची, १ ग्रॅमला १० मिलिलिटर पाणी, स्टीलचं बंद भांडं, ९० अंश सेल्सिअस, ७ दिवस. मग पाण्यातला बोरॉन मोजायचा. नुसत्या सिलिकॉनवर विसंबलात तर फसाल, कारण तो थरात अडकलेला असतो. दाण्यांना चिकटलेली बारीक धूळ धुतली नाही तर आकडा फुगतो. भांडं आधी आणि नंतर तोलायचं. वाफ निसटली असेल तर ती चाचणी बाद. आणि ७ दिवसांच्या आकड्याला सरळ हजार वर्षांनी गुणणं हा शुद्ध भाबडेपणा, कारण वेग मध्येच बदलतो.

तो परत वाढूही शकतो, आणि खरी काळजी तीच. सीताबर्डीचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे तो बेसाल्ट. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोकळ्यांत पांढरे झिओलाइटचे स्फटिक सापडतात. त्याच जातीची खनिजं या काचेवरही उगवू शकतात, विशेषतः तापमान जास्त आणि पीएच १०च्या बराच वर असेल तेव्हा. त्यांना ॲल्युमिनियम आणि सिलिका लागते. ती जेलमधून ओढली गेली की थराचा अडसर सैल होतो आणि काच पुन्हा झपाट्याने झिजते. भूजलातलं मॅग्नेशियम आणि डब्याच्या गंजातलं लोहही सिलिका पळवतात. सिमेंट पीएच चढवतं, म्हणून ते काचेला खेटून नको.

मग ९० अंशांवरच चाचणी का? घाई व्हावी म्हणून. प्रत्यक्षात डबे आधी अनेक वर्षं हवेच्या झोतात थंड करतात. तारापूरचं साठवणघर नैसर्गिक वाऱ्यावर चालतं, पंखे नाहीत. सीझियम-१३७ दर ३० वर्षांनी निम्मं होतं, त्यामुळे पुढे खोल जमिनीत स्टील गंजून पाणी आत शिरेपर्यंत काच बरीच निवलेली असते.