प्याला, गुलाब आणि जुळलेल्या भुवया

श्रोतेहो, नमस्कार.

इराणी चित्रांतली सुंदरी नीट पाहिली, तर एक गोष्ट चटकन जाणवते. चित्रं वेगवेगळी, चेहरा मात्र तोच. चंद्रासारखा वाटोळा, कमानदार भुवया, कळीएवढे ओठ. शिराझच्या हाफिजसारख्या कवींनी शतकानुशतकं जे रूप गायलं, तेच चित्रकारांनी जसंच्या तसं रेखाटलं. कुणा एका बाईची छबी उतरवणं हा हेतूच नव्हता. म्हणून तर देखण्या तरुणालाही तोच चेहरा मिळे, आणि पोशाख पाहिल्यावाचून मुलगा की मुलगी हे कळत नसे.

इराणच्या सफावी घराण्यातल्या शाह अब्बासने १५९८ साली इस्फहानला राजधानी नेली. त्याच्या दरबारात रझा अब्बासी होता, माझा फार आवडता चित्रकार. तोवर मान होता तो सचित्र पोथ्यांना. रझाच्या काळात सुट्या पानावरच्या एकेकट्या आकृत्यांना मागणी आली. असं पान दरबाराबाहेरच्या धनिकालाही परवडे. रझाची लेखणी कशी फिरते पाहा! कमरबंदाच्या घडीवर ती जाड होते आणि बटेच्या टोकाशी केसाइतकी बारीक. त्याच्या १६३० सालच्या प्रेमी युगुलाच्या चित्रात दोन देहांची बाह्यरेषा एकच होऊन जाते.

आता प्याला. सूफी म्हणतात, मद्य म्हणजे ईश्वरी प्रेम. दुसरे म्हणतात, दरबारात खरोखरच मद्य वाहत होतं. दोन्ही खरं आहे, आणि चित्रकारानं यातला एकच अर्थ निवडला असेल असं मला वाटत नाही. गुलाबाचंही तसंच. तो प्रेयसीचा गाल असतो, आणि त्याच्यासाठी झुरणारा बुलबुल म्हणजे प्रेमिक.

पुढे काजार राजघराण्याच्या काळात, फतह अली शाहच्या राज्यात, १७९७ ते १८३४, ही सुंदरी कागदावरून कॅनव्हासवर आली. तैलरंगात, जवळजवळ माणसाच्या उंचीची. महालातल्या कोनाड्यात बसावी म्हणून काही चित्रांची वरची कड कमानीची असे. बोटं मेंदीनं रंगलेली, गळ्यात मोत्यांच्या माळा, एका हाती गुलाब, जवळ मद्याची सुरई. भुवया मधोमध जुळलेल्या. त्या शतकातल्या इराणात वरच्या ओठावरची बारीक लवही सौंदर्यात मोडे, आणि कित्येक बायका काजळानं ती गडद करत. आपल्या आजच्या नजरेला हे खटकेल. पण या चित्रांसमोर थोडा वेळ थांबा. त्या जुळलेल्या भुवयांखालचे डोळे थेट आपल्याकडे पाहत असतात, आणि त्या नजरेत संकोचाचा लवलेशही नसतो.