खमणाची वाटी आणि बडोद्याची प्रयोगशाळा

नमस्कार मंडळी! दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरातून बोलतेय. माझ्या हातात दोन वाट्या आहेत, दोन्हींत चणाडाळीचं पीठ. हे रात्रभर आंबवलेलं. आणि हे आत्ता कालवलेलं, सोडा घातला की दहा मिनिटांत फुगेल. दोन्हींचं होतं खमण. ढोकळा नव्हे हो, ढोकळ्यात तांदूळ असतो! पुण्याच्या मावशीला हे सांगून मी थकले.

पहिल्या वाटीला आंबूस वास येतोय, आणि खरी गंमत तिथंच आहे. डाळीत लोह असतं, पण फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून बसतं, त्यामुळे आतड्यात ते फारसं शोषलं जात नाही. पीठ आंबताना जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्या आंबटपणात फायटेज हे एन्झाइम जोमानं काम करतं आणि फायटेट तोडतं. लोह मोकळं होतं. सोड्याच्या वाटीत जाळी पडते, पण एवढ्या घाईत हे घडायला वेळच मिळत नाही. चवीबद्दल माझी तक्रार नाही!

आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आर. राजलक्ष्मी यांनी इडली आणि खमण आंबवल्यानं पोषणमूल्य कसं बदलतं ते तपासलं. तो शोधनिबंध 1967 साली ब्रिटनच्या पोषणशास्त्राच्या नियतकालिकात आला. त्यांचे पती सी. व्ही. रामकृष्णन इथंच बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक होते. मुलगा वेंकी इथूनच फिजिक्समध्ये बी.एस्सी. झाला, आणि 2009 मध्ये रायबोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या, रचनेवरच्या कामासाठी त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आणि याच विद्यापीठातली होम सायन्सची, म्हणजे गृहविज्ञानाची, फॅकल्टी? माझ्या आत्यानं तिथं प्रवेश घेतला तेव्हा वाड्यात म्हणाले, "पोळ्या लाटायला कॉलेज कशाला?" त्याच फॅकल्टीच्या सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास यांनी मुलांना लोह देऊन पाहिलं. रक्तक्षय असलेल्या मुलांची आकलनाच्या चाचण्यांतली कामगिरी सुधारली. हे काम 1989 मध्ये अमेरिकी नियतकालिकात छापलं गेलं. विद्यापीठ 1949 चं, पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. वाड्यातल्या त्या काकांना हे कुणी सांगितलं की नाही, देव जाणे.

बरं, खमणावर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह शोषायला मदत होते. चहा मात्र तासाभरानं. त्यातलं टॅनिन लोह अडवतं.

(मागून आवाज: "अगं, चहा झालाय!")

बघा, आमच्याच घरात कोणी ऐकत नाही.