कागदावरून उतरलेली मुलं

नेदरलँड्समधल्या अॅमस्टरडॅमचा प्लांटाज मिडनलान हा रस्ता. रस्त्याच्या या बाजूला नाटकगृह, समोर पाळणाघर, मधून ट्राम. देश जर्मनांच्या ताब्यात होता. 1942 च्या उन्हाळ्यात त्यांनी हे नाटकगृह ताब्यात घेतलं आणि धरून आणलेल्या ज्यूंना इथे कोंडायला सुरुवात केली. इथून वेस्टरबोर्कची छावणी, तिथून आउशवित्झ नाहीतर सोबिबोर, म्हणजे मृत्यूच्या छावण्या. आत जागा नाही, त्यात पोरांची रडारड. म्हणून ऑक्टोबरपासून लहान मुलं समोरच्या पाळणाघरात जाऊ लागली. पहारा मात्र नाटकगृहाच्याच दाराशी राहिला. म्हणून पाळणाघरातून मुलं चोरून बाहेर काढता आली.

मूल दारातून बाहेर काढण्याआधी कागदावरून काढावं लागे. आणलेल्या प्रत्येकाच्या नावाचं कार्ड बने. जर्मनांनी नेमलेल्या ज्यू मंडळातर्फे तिथला कारभार सांभाळणारे वॉल्टर झ्यूस्किंड आणि त्यांचे सहकारी फेलिक्स हाल्फरस्टाट ती कार्डं गुपचूप काढून घेत. त्याआधी आईवडिलांची संमती हवी. बरेच जण नाही म्हणत. पुढे कामाची छावणी आहे, एकत्र राहिलो तर निभावेल, असं त्यांना वाटे. त्यांना नावं ठेवायचा अधिकार आज कुणालाच नाही.

मग ट्रामची वाट बघायची. ती पाळणाघरासमोर थांबली की पहारेकऱ्याला दार दिसेनासं होई. तेवढ्यात मुलाला घेऊन बाहेर पडायचं, ट्रामच्या आडोशाने चालत राहायचं आणि पुढच्या थांब्यावर चढायचं. तान्ही मुलं मागच्या बाजूने जात. शेजारच्या अध्यापक विद्यालयाची बाग लागूनच होती. कुंपणावरून मूल पलीकडे, तिथून पिशवीत किंवा कपड्यांच्या टोपलीत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल आणि विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांच्या साथीने सुमारे 600 मुलं अशी सुटली. पिमेंटेलबाईंना 1943 मध्ये पकडलं आणि आउशवित्झमध्ये मारलं.

पुढची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या गटांची. आगगाडीने उत्तरेच्या फ्रिसलँड प्रांतात किंवा दक्षिणेला लिंबर्ग प्रांतात. काळ्या केसांचं मूल शक्यतो लिंबर्गला, तिथे ते उठून दिसत नसे. ज्यूंना सक्तीचा असलेला पिवळा तारा सहा वर्षांखालच्या मुलाला लावावा लागत नसे आणि ओळखपत्र पंधराव्या वर्षापासून. त्यामुळे लहानग्याला नेणं त्यातल्या त्यात सोपं. शेजाऱ्यांना सांगायची गोष्टही तयार असे: रॉटरडॅमच्या बॉम्बहल्ल्यात घर गेलं, भाच्याला सांभाळतोय. मे 1940 च्या त्या हल्ल्यात हजारो कुटुंबं उघड्यावर आली होती, त्यामुळे ते पटायचं. दारात सोडलेलं तान्हं सापडलं म्हणावं, तर अशी मुलं ज्यूच समजायची असा हुकूम निघाला.

खरी अडचण पोटाची. ब्रेड, दूध, लोणी, साबण, सगळं कूपनांवर. आणि नोंद नसलेल्या मुलाला कूपन कुठलं? ती बनावट मिळवावी लागत, नाहीतर भूमिगत लोक रेशन कचेरीवर दरोडा घालून आणत. कूपनं थकली की चार जणांच्या ताटातलं पाचव्याला.

आणि मूल शेवटी मूलच. नवं नाव घोकून घेतलं तरी झोपेतून उठल्यावर जुनं नाव ओठांवर येई. कॅथलिक घरात जेवणाआधी क्रूसाची खूण करायला विसरलं की पाहुण्याच्या नजरेत भरे. केस सोनेरी केले तरी मुळाशी काळे दिसू लागत. मुलगा असेल तर सुंता झालेली, म्हणजे ज्यू असल्याची खूण. इतर पोरांबरोबर कालव्यात पोहणं बंद. संशय आला की रातोरात दुसरं घर, पुन्हा नवं नाव. कारण 1943 मध्ये लपलेला ज्यू पकडून देणाऱ्याला माणशी साडेसात गिल्डर (तिथलं चलन) मिळत होते. लहान मुलासाठीही.

लपलेली सुमारे 3,500 मुलं युद्धातून वाचली. त्यातल्या दोन हजारांच्या आसपास मुलांचे आईवडील परतले नाहीत. त्यांचा ताबा कुणाकडे, हे ठरवायला सरकारने 1945 मध्ये आयोग नेमला. ज्यू नातेवाईक म्हणत, मूल आमच्याकडे यावं. सांभाळणारे म्हणत, याला दुसरी आई ठाऊकच नाही. दोघांचंही खरं होतं. एका प्रकरणात न्यायालयाने मुलगी परत करायला सांगितली, तेव्हा सांभाळणाऱ्या बायकांनी तिला पुन्हा दडवलं. सज्ञान झाल्यावर, 1961 मध्ये, ती लोकांसमोर आली.