दुखतंय पाठीत की पायात?

(दृश्य : सकाळ. हाडांच्या दवाखान्यातली बाहेरची जागा.)

पुण्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात सकाळी दहाच्या सुमाराला जा. बाकडी रिकामी दिसतील आणि माणसं भिंतीला टेकून उभी असतील. बसवत नाही म्हणून उभी. हातात एमआरआयची मोठी पिशवी, आणि मनात एकच प्रश्न : पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन करावं लागेल का? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, तो डॉक्टरांना विचारायचा धीर पुष्कळांना होत नाही. ऑपरेशन केलं, तर मी चालेन ना?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तिथून खाली सुट्या नसांचा जुडगा जातो. दोन मणक्यांमध्ये एक मऊ गादी असते, तिलाच डिस्क म्हणतात. ही गादी सरकते ती बहुतेक वेळा त्याहून खाली, कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामध्ये, नाही तर पाचव्या मणक्याच्या खाली. म्हणजे या जागेवर काम करताना सर्जन मज्जारज्जूपर्यंत पोचतच नाही. नसेला इजा होऊ शकते, पण ती क्वचित. जंतुसंसर्ग होऊ शकतो, नसांभोवतीच्या आवरणाला चीर जाऊ शकते, गादी पुन्हा सरकू शकते. हे धोके खरे आहेत, ते ऐकूनच सही करावी. पण ‘मणक्याला हात लावला की माणूस अंथरुणाला खिळतो’ हे घरोघरी ऐकू येणारं वाक्य कंबरेच्या साध्या गादीच्या ऑपरेशनला लागू पडत नाही. या भीतीपायी पायातली ताकद जाईपर्यंत थांबलेली माणसं आम्हाला भेटली, म्हणून हे इतक्या ठासून सांगतोय.

(दृश्य : लाइटबॉक्सवर लावलेली एमआरआयची फिल्म. मणक्यांमधल्या गाद्या, एक काळपट.)

आता ही फिल्म. रिपोर्टवर लिहिलेलं असतं : डिस्क बल्ज (गादी फुगणं), डिजनरेशन (झीज), नसेवर दाब. घरी आल्यावर मुलगा ते शब्द मोबाइलवर शोधतो आणि सगळं घर हादरतं. म्हणून एक आकडा सांगतो. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होतं. गादी फुगल्याचं विशीत ३० टक्के लोकांत दिसलं, पन्नाशीत ६० टक्के लोकांत. आणि यांतल्या एकालाही दुखत नव्हतं!

त्यामुळे निर्णय एकट्या फिल्मवर घ्यायचा नसतो. फिल्ममध्ये जे दिसतं आणि शरीर जे सांगतं, ते एकमेकांशी जुळलं पाहिजे. डाव्या पायात कळ जाते आणि फिल्ममध्ये दाब उजव्या नसेवर दिसतो, तर त्या फिल्मवरून डाव्या पायाचं ऑपरेशन कसं करणार?

आणि इथेच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न येतो. दुखतंय कुठे? पाठीत की पायात?

१९३४ साली बॉस्टनमधल्या विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या दोन सर्जननी एक शोधनिबंध लिहिला. मणक्याच्या पोकळीत सापडणाऱ्या ज्या गाठींना तोवर ट्यूमर समजलं जाई, त्यांतल्या पुष्कळशा फुटून बाहेर आलेल्या गाद्या असतात, आणि पायात उतरणाऱ्या कळेचं कारण त्या असतात, हे त्यांनी दाखवलं. आज नव्वद वर्षांनंतर सूक्ष्मदर्शक आला, दुर्बीण आली, दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून काम होऊ लागलं. मूळ गोष्ट मात्र तीच राहिली. हे ऑपरेशन दबलेली नस मोकळी करतं. कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीत, पावलापर्यंत जाणारी जी कळ, ज्याला आपण सायटिका म्हणतो, तिला याचा चांगला उपयोग होतो. नुसत्या पाठदुखीवर त्याचा तेवढा भरवसा देता येत नाही. ‘पाठ दुखते, एकदाचं ऑपरेशन करून टाकतो’ असं म्हणणाऱ्याने इथे थांबून विचार करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

(दृश्य : सदाशिव पेठेतलं पोळी-भाजी केंद्र. पोलपाट, तवा, डब्यांची रांग.)

या केंद्राच्या मालकीणबाई सेहेचाळीस वर्षांच्या. पहाटेपासून ओट्याशी उभ्या, कणकेच्या परातीवर वाकलेल्या. पाठ तर गेली कित्येक वर्षं दुखायची. उसण भरली की शेक घ्यायचा, पट्टा बांधायचा आणि कामाला लागायचं. मग एका पावसाळ्यात शिंकेचं निमित्त झालं आणि डाव्या पायात कळ उतरली. बसलं की वाढायची, खोकलं की वाढायची. रात्री कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेतली तरच थोडा डोळा लागायचा.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, फिजिओथेरपी सुरू केली आणि थांबायला सांगितलं. हे थांबणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होतं. सरकलेल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा शरीर आपणच जिरवतं. नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचं लवकर ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थांबवलं. २००७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वर्षभरानंतर दोन्ही गटांतल्या ९५ टक्के लोकांनी बरं वाटतंय असं सांगितलं. फरक वेगात होता. ऑपरेशनवाल्यांना बरं वाटायला साधारण ४ आठवडे लागले, थांबलेल्यांना १२. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना वर्षाच्या आत ऑपरेशन करावंच लागलं, कारण सोसवलं नाही. म्हणजे थांबण्यालाही किंमत आहे. हातावर पोट असलेल्या माणसाला ते जास्तीचे दोन महिने किती जड जातात, हे रिपोर्टमध्ये दिसत नाही. निर्णय घेताना तेही बोललं पाहिजे.

मालकीणबाईंच्या बाबतीत प्रश्न वेगळ्याच दिशेने सुटला. एक दिवस त्या दुकानातून घरी आल्या तेव्हा डाव्या पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठे निसटली, कळलंच नाही. नवरा म्हणाला, “अगं, अनवाणी आलीस की काय?” तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सर्जननी त्यांना टाचांवर चालायला लावलं. उजवा पंजा वर राहिला, डावा खाली पडला. अंगठ्यावर बोट ठेवून “वर ओढा” म्हटलं, तर तो ओढला जाईना.

“डॉक्टर, पुढच्या आठवड्यात गौरी आहेत. पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन बसलेय. नंतर करू या का?”

“ताई, नुसतं दुखत असतं तर मीच थांबा म्हटलं असतं. पण पंजा उचलेनासा झालाय. नस अशीच दबून राहिली, तर ताकद परत येईल असा शब्द मला देता येणार नाही.”

त्यांनी तीच फिल्म घेऊन दुसऱ्या सर्जनना दाखवलं. त्यांचंही मत तेच पडलं. ऑर्डरी जावेकडे सोपवल्या गेल्या.

(दृश्य : बाणेर. कॉम्प्युटरपुढे उभं राहून काम करणारा तरुण.)

या तरुणाची फिल्म मालकीणबाईंच्या फिल्मपेक्षा भीतिदायक दिसत होती, दोन गाद्या झिजून काळ्या पडलेल्या. पण दुखणं सगळं कंबरेत, पायात काही नाही, ताकद शाबूत. त्याला ऑपरेशनची गरज नव्हती. व्यायाम, चालणं, दर अर्ध्या तासाने खुर्चीतून उठणं आणि बरीच चिकाटी, यावर त्याचं चाललंय.

वयस्कर माणसांचं आणखी वेगळं. मणक्यातली नसांची वाट अरुंद झाली की चालताना पाय भरून येतात, जड होतात. वाकलं किंवा बसलं की मोकळे होतात. सारसबागेत एका बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंतच चालणारे, पण मॉलमध्ये ट्रॉलीवर रेलून तासभर फिरू शकणारे आजोबा आठवून पाहा. त्यांच्यात दाब कमी करण्याचं ऑपरेशन उपयोगी पडू शकतं. मणका पुढे सरकत असेल तर स्क्रू आणि पट्ट्या घालून तो जोडावाही लागतो. ते मोठं काम. जोडलेलं हाड पक्कं व्हायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि तंबाखू, सिगारेट चालू असेल तर ते जुळतानाच अडतं. मिश्रीही तंबाखूच आहे, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं.

आता जे सांगतोय ते नीट ऐका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा, म्हणजे जांघा आणि गुदद्वाराभोवतीचा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. इथे तासांचा हिशेब असतो. आणि पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, तर मणक्याचा टीबी किंवा गाठ नाही ना, हे आधी तपासून घ्या.

(दृश्य : रुग्णालयातला प्रवेशाचा काउंटर.)

पैशांचं बोलायला लोक संकोचतात. बोला. मेडिक्लेम किती मंजूर करतो, कुठल्या वस्तू त्यात बसत नाहीत, स्क्रू घालणार असतील तर त्यांची किंमत काय, हे लेखी मागा. राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, हे त्यांना रेशनकार्ड दाखवून आधी विचारा. पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयाचा दरवाजा तर आहेच.

(दृश्य : वॉर्ड. ऑपरेशननंतरची सकाळ.)

ऑपरेशन तासा-दीड तासाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आणि फिजिओ येतात आणि पलंगावरून उठायला शिकवतात. सरळ उठून बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम वळवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपरावर जोर देऊन अंग वर आणायचं. पाठीला पीळ पडता कामा नये. मालकीणबाई उठल्या, उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. सिस्टर घाबरली. “दुखतंय का हो?” त्या म्हणाल्या, “नाही गं. पाय दुखत नाहीये.”

पायातली कळ अशी एका रात्रीत जाऊ शकते. बधिरपणा मात्र सावकाश जातो, महिने घेतो, कधी थोडा उरतोही. ताकदही हळूहळू येते. हे आधी माहीत नसेल तर तिसऱ्या आठवड्यात माणूस खचतो.

दोन दिवसांत त्या घरी आल्या, आणि खरी कसोटी तिथे लागली. सहा आठवडे वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबरेत वळायचं नाही. सर्जनगणिक थोडा फरक असतो, पण घरी पाठवताना साधारण हेच सांगतात. आता हे आपल्या घरात लावून पाहा. कुकर ओट्यावरून उतरवायचा नाही. बादली भरून सरकवायची नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही. देशी संडास असेल तर वर खुर्ची मांडायची. भरल्या गॅस सिलिंडरमध्ये नुसता गॅसच १४.२ किलो असतो, त्याला हातही लावायचा नाही. पुरुषाचं ऑपरेशन झालं की घर त्याला जपतं. बाईचं झालं की चौथ्या दिवशी भेटायला पाहुणे येतात आणि तीच चहाला उठते. हे आम्ही घराघरांत पाहिलंय आणि ते फार लागतं. म्हणून सांगतो, ऑपरेशनची तारीख घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी बसून कामं वाटून घ्यावीत. औषधांच्या चिठ्ठीइतकंच ते गरजेचं आहे. इथे सासूबाईंनी पुढाकार घेतला. दारात खुर्ची टाकून बसल्या आणि येणाऱ्याला सांगायच्या, “तिला उठवू नका. चहा मी करते.”

बाकी दिवस चालण्याचे. आधी घरातल्या घरात, मग जिन्याखाली, मग चौकापर्यंत, रोज थोडं वाढवत. बसायचं ते वीस-पंचवीस मिनिटं. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथलं की ताण येतो, म्हणून रात्री इसबगोल. मधुमेह असेल तर साखर काटेकोर, नाही तर जखम चिघळते. स्कूटर बंद, मागच्या सीटवरही नको. पुण्यातले खड्डे आणि गतिरोधक ताज्या ऑपरेशनला सोसणारे नाहीत. जखमेतून पाणी येणं, ताप, उठून बसल्यावर डोकं ठणकणं, पोटरी सुजणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी फोन करायचा.

(दृश्य : योगवर्ग. भिंतीवरचे दोर, खुर्च्या, पट्टे.)

पुण्यात पाठीचा विषय निघाला की योगाचं नाव येतंच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली या शहरात आले, आणि १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीतली त्यांची संस्था सुरू झाली. दोर, खुर्ची, पट्टा यांचा आधार देऊन आसनं शिकवण्याची त्यांची पद्धत जुन्या पाठदुखीत अनेकांना मानवते. ऑपरेशननंतर मात्र सर्जननी मोकळीक देईपर्यंत पुढे वाकणं आणि पीळ देणारी आसनं नकोत. शिकवणाऱ्यांनाही ऑपरेशनचं आधी सांगावं.

(दृश्य : पोळी-भाजी केंद्र. उंच केलेला ओटा.)

तीन महिने झालेत. केंद्रातला ओटा चार विटांनी उंच झालाय आणि कणीक मळायला यंत्र आलंय. मालकीणबाई तासभर लाटतात, मग गल्ल्यावर बसतात, मग उठून फिरून येतात. डावा पंजा आता उचलला जातो. करंगळीशेजारची दोन बोटं अजून बधिर आहेत. कंबर अधूनमधून धरते, आणि ती धरणार, हे त्यांना सर्जननी आधीच सांगितलं होतं. काही रुग्णांत त्याच जागी गादी पुन्हा सरकते, म्हणून त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून दिलंय : पायात पुन्हा कळ उतरली किंवा पंजा जड वाटला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये, लगेच यावं.