सकाळी सव्वासहाचा फोन

नमस्कार मंडळी! आज जरा शाळेच्या स्टाफरूममधलं, शिक्षकांच्या आजारपणाच्या रजेबद्दल बोलूया, पालकांनीही ऐका, तुमचाही संबंध आहेच.

शाळेत बदली तास लावायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं ना, त्याचा दिवस घंटेच्या बराच आधी सुरू होतो. सकाळी सव्वासहाला फोन वाजला की नाव बघायच्या आधीच कळतं, आज कुणीतरी येत नाहीये. मी हे काम नऊ वर्षं केलं, आणि पहिली दोन-तीन वर्षं फार वाईट केलं हे आधीच कबूल करून टाकतो. पलीकडून मॅडम बसलेल्या घशाने म्हणायच्या, सर आज नाही जमणार, आणि मी विचारायचो, "अगदीच नाही का? निदान पहिले चार तास तरी?" म्हणजे मला त्यांच्या तब्येतीचं काही नव्हतं, मला फक्त माझ्या तक्त्यातली चार रिकामी घरं दिसत होती.

एकदा असंच आमच्या एका सरांचे डोळे आले. चाचणी परीक्षा तोंडावर, म्हणून मीच गळ घातली, ते बिचारे काळा चष्मा लावून आले, वह्या तपासल्या, खडू हाताळला, पोरांच्या बाकावर हात टेकून गणितं समजावली. पुढच्या आठवड्यात त्या एका वर्गातली चौदा मुलं डोळे चोळत घरी आणि स्टाफरूममधले तिघं रजेवर. एका माणसाची रजा वाचवायला गेलो आणि तीन घालवल्या! आता ती साथ सरांमुळेच पसरली की कुणा मुलामुळे, हे काही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्यानंतर "निदान चार तास" हे वाक्य माझ्या तोंडून परत निघालं नाही.

फ्लूचंच बघा ना, ताप यायच्या साधारण एक दिवस आधीपासून ते पुढे पाच-सात दिवस माणूस दुसऱ्याला तो देऊ शकतो. उलट्या-जुलाबाचा संसर्ग असेल तर सगळं थांबल्यावरही ४८ तास घरी थांबा असं सांगतात. आणि पोटावर हात दाबून "थोडं बरं वाटतंय" म्हणत आलेला शिक्षक आपण कौतुकाने बघतो, किती कर्तव्यदक्ष! शिवाय शिक्षकाचं हत्यार म्हणजे आवाज. सुजलेल्या घशाने चाळीस पोरांपुढे पाच तास ओरडलात तर दोन दिवसांचं दुखणं दोन आठवड्यांवर जातं.

आजारी शिक्षकाने घरीच थांबावं, ही काही आजची फॅन्सी कल्पना नाही बरं का. १९६६ साली युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने शिक्षकांच्या दर्जाबद्दल एक शिफारसपत्र काढलं, ५ ऑक्टोबरला जागतिक शिक्षक दिन असतो तो त्याच तारखेवरून. त्यात शिक्षकाला आजारपणाची पगारी रजा हवी असं तर आहेच, पण वर हेही आहे की काही आजारांत शिक्षकाला मुलांपासून बराच काळ लांब ठेवावं लागतं, ते पगाराची मुदत ठरवताना लक्षात घ्या. म्हणजे रजा ही नुसती शिक्षकाची सोय नाही, मुलांचंही संरक्षण आहे.

मग खोट्या रजांचं काय, असा प्रश्न येतोच. असतात हो, सोमवारी न चुकता डोकं दुखणारे असतात. त्यांच्यासाठी काही संस्था ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचा हिशोब वापरतात. वर्षात किती वेळा रजा घेतली तो आकडा, त्याला त्याच आकड्याने गुणायचं, मग एकूण दिवसांनी गुणायचं. सलग दहा दिवस आजारी पडलात तर उत्तर १०, आणि एकेक दिवस करत दहा वेळा राहिलात तर थेट १०००! सटरफटर रजा पकडायला ठीक आहे, पण अर्धशिशी असलेली बाई किंवा नियमित उपचार घेणारा माणूस यात कामचुकार ठरतो. म्हणून आकडा बघा, पण आधी माणसाला दार लावून पाच मिनिटं विचारा. काय झालं होतं हे खोदून नका विचारू, आता झेपतंय का एवढंच विचारा. आणि एका दिवसाच्या तापासाठी सर्टिफिकेट मागणं तर मला कधीच पटलं नाही, फणफणलेल्या माणसाला एका कागदासाठी दवाखान्याच्या रांगेत बसवायचं!

खरी गोम वेगळीच आहे. गैरहजेरी होणारच, दरवर्षी होते, आणि तरी दर वेळी शाळा अशी गडबडते जणू पहिल्यांदाच झालंय. शिपाई चिठ्ठी घेऊन येतो आणि ऑफ तासाला वह्यांचा गठ्ठा घेऊन बसलेल्या बाईंचा चेहरा पडतो. त्यातही चिठ्ठी नेहमी त्याच दोघा-तिघांकडे जाते, जे नाही म्हणत नाहीत. मी शेवटी स्टाफरूमच्या भिंतीवर तक्ता लावला, कुणी महिन्यात किती बदली तास घेतले ते सगळ्यांना दिसेल असा, पहिल्या महिन्यात तिघं माझ्याशी बोलेनात पण वाटणी सरळ झाली. दोन वर्ग एकत्र कोंबणं मात्र बंद केलं, त्यात कुणीच काही शिकत नाही. आणि रजा लांबणार असं दिसलं तर ताणत बसायचं नाही, तात्पुरता शिक्षक लगेच शोधायचा.

दुसरं म्हणजे पाकीट. प्रत्येकाने टर्मच्या सुरुवातीलाच एक जाड खाकी पाकीट भरून कपाटात ठेवायचं, त्यात तीन दिवसांचं काम, वर्गात कोण कुठे बसतं, कुणाला चष्मा लागतो, कुणाला दमा आहे, कुणाला एकटं सोडायचं नाही. दुसऱ्या विषयाच्या माणसालाही घेता येईल असं काम. म्हणजे तापात पडल्या पडल्या मोबाईलवर धडे पाठवत बसायला नको.

माझंही होतं. मागच्या थंडीत मी पाच दिवस आडवा होतो, सव्वासहाला मीच फोन केला. परत आलो तर पाकीट टेबलावर, रिकामं, आणि वर चित्रकलेच्या सरांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं: "तिसरं गणित मलाच येईना, पोरांनी शिकवलं."